चिपाडाचा हिशेब

एखादा माणूस आजारपणाने किंवा कष्टाने खंगला, की आपल्याकडे म्हणतात, ‘पार चिपाड झालं हो त्याचं!’ रस होता तो निघून गेला, उरली ती सालपटे. आता त्यात काही राम नाही, असा त्या बोलण्याचा अर्थ. उसाच्या मुलखात जन्मलेला हा वाक्प्रचार. पण गंमत अशी, की त्याच मुलखात गेली वीस-बावीस वर्षे चिपाडाने आपला हा लौकिक खोटा ठरवला आहे. बारामती आणि इंदापूर या तालुक्यांत हिवाळ्याच्या रात्री तुम्ही घरात दिवा लावता, तेव्हा त्या उजेडात थोडा वाटा चिपाडाचाही असतो.

या दोन तालुक्यांशी माझा संबंध नोकरीमुळे आला. राष्ट्रीयीकृत बँकेत शेतीकर्ज पाहणारा अधिकारी म्हणून ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस मी या भागात फिरत असे. मोटरसायकल, मागे बांधलेली फाइलींची पिशवी आणि दोन्ही बाजूंना ऊस. हा ऊस इथे मुळात आला तो पाण्याबरोबर. इंग्रजांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस भाटघरला धरण बांधले, नीरेचा डावा कालवा काढला आणि दुष्काळी माळावर पाणी खेळू लागले. १९२८ साली त्याच भाटघरला नवे, मोठे धरण पुरे झाले. शेठ वालचंद हिराचंद यांनी १९३० च्या दशकात इंदापूर तालुक्यातल्या कळंबच्या माळावर साखर कारखाना उभा केला. तेच आजचे वालचंदनगर. पुढे सहकाराचे युग आले. बारामती तालुक्यात शिवनगरचा माळेगाव आणि सोमेश्वरनगरचा सोमेश्वर, इंदापुरात भवानीनगरचा छत्रपती, बिजवडीचा कर्मयोगी शंकरराव पाटील, शहाजीनगरचा नीरा-भीमा. अशी चिमण्यांची रांगच लागली. १९८० साली उजनीचे धरण झाले आणि भीमेच्या अंगानेही ऊस पसरला.

दसऱ्याच्या सुमारास कारखान्यात ‘बॉयलर अग्निप्रदीपन’ होते, मग गव्हाणीत मोळी पडते आणि हंगाम सुरू होतो. या समारंभाचे फोटो आपण दरवर्षी वर्तमानपत्रात पाहतो. पण बॉयलर पेटतो कशावर, हे फारसे कोणी विचारत नाही. कारखाना कोळसा विकत आणत नाही, लाकूडही नाही. तो पेटतो चिपाडावर. कारखान्याच्या भाषेत त्याला बगॅस म्हणतात. एक टन ऊस गाळला की साधारण २८० ते ३०० किलो बगॅस निघतो. तो हाताला दमट लागतो, कारण त्याचे निम्मे वजन पाण्याचे असते. गुऱ्हाळावर जे चुलवण असते, त्यातही चिपाडच घालतात. म्हणजे कल्पना जुनीच. उसाचा रस उसाच्याच जळणावर आटवायचा.

माझ्या नोकरीच्या सुरुवातीच्या काळात मी एका कारखान्याच्या बॉयलरपाशी उभा राहून तिथल्या अभियंत्यांना विचारले होते, की एवढे जळण घालून तुम्ही वीज किती काढता? ते हसून म्हणाले, ‘साहेब, आम्हाला वीज काढायची नाहीये, बगॅस संपवायचाय.’ ते थट्टा करत नव्हते. बगॅसचा ढीग आवारात राहिला तर जागा अडते, कुजतो, आणि उन्हाळ्यात पेटला तर विझता विझत नाही. डेपोला आग लागल्याच्या बातम्या आजही येतात. जास्तीची वीज केली, तर ती घेणार कोण? वीज विकण्याची वाटच नव्हती. तेव्हा बॉयलर मुद्दाम कमी दाबाचे, सुमारे २१ किलो दाबाचे आणि ३४० अंश तापमानाच्या वाफेचे, ठेवले जात. जळण भरपूर खाणारे आणि वीज गरजेपुरतीच देणारे. जे फुकट मिळते त्याची काटकसर कोण करणार?

नव्वदच्या दशकात केंद्र सरकारने यात लक्ष घातले आणि ‘सहवीजनिर्मिती’ हा शब्द कारखान्यांच्या अहवालांत दिसू लागला. त्यातले तत्त्व घरच्या कुकरवरूनही समजेल. वाफेचा दाब आणि तापमान जितके जास्त, तितके काम ती अधिक करते. नवे बॉयलर ६७, ८७, काही ठिकाणी ११० किलो दाबाचे आले. वाफेचे तापमान ५०० अंशांच्या पुढे गेले. ही वाफ आधी टर्बाइन फिरवते, म्हणजे वीज तयार करते; आणि दमून बाहेर पडलेली तीच वाफ पुढे रस आटवायला जाते. एकाच वाफेकडून दोनदा काम करून घ्यायचे. जुन्या पद्धतीत कारखान्याचे जेमतेम भागायचे. नव्या पद्धतीत टनभर उसामागे १०० ते १२० युनिटपर्यंत वीज निघू शकते. कारखान्याची गरज भागून उरलेली तारेवरून गावाकडे जाते.

पण यंत्र आले म्हणून वीज आली नाही. वीज आली ती भाव ठरल्यावर. महाराष्ट्र वीज नियामक आयोगाने २००२ साली बगॅसच्या विजेसाठी पहिल्या वर्षाला युनिटमागे ३ रुपये ५ पैसे असा दर ठरवला आणि १३ वर्षांच्या खरेदी कराराची सोय केली. आम्हा बँकवाल्यांना १३ वर्षांचा करार म्हणजे काय, हे वेगळे सांगायला नको. ज्या धंद्यात माल कोण घेणार आणि काय भावाने घेणार हे कागदावर लिहिलेले असते, त्याला कर्ज द्यायला हात थरथरत नाही. त्यानंतर राज्यभर कारखान्यांत नवे बॉयलर उभे राहिले; वर सांगितलेल्या कारखान्यांपैकी बहुतेकांच्या आवारातही सहवीजनिर्मिती आली. आज देशात बगॅसवरच्या विजेची क्षमता ९ हजार मेगावॉटच्या पुढे गेली आहे, आणि त्यात महाराष्ट्र आघाडीच्या राज्यांत आहे.

इथे मला इंदापूर तालुक्यातले एक आबा आठवतात. पीककर्जाच्या तपासणीला मी त्यांच्या बांधावर गेलो होतो. सातबारा पाहून झाला, ऊस पाहून झाला. चहा घेताना त्यांनी विचारले, ‘सायेब, काट्यावर समदा ऊस जातो, चिपाडासकट. पैसं मातुर साखरंचं. मंग चिपाड कुणाचं?’

मी म्हणालो, ‘आबा, दर उताऱ्यावर ठरतो. साखर किती निघते त्यावर.’

‘ते म्या बी ऐकलंय,’ आबा म्हणाले, ‘पर मी चिपाडाचं इचारतोय.’

त्या काळी या प्रश्नाला फारसा अर्थ नव्हता, कारण चिपाडाला भावच नव्हता. पण पुढे भाव आला आणि प्रश्न जागा झाला. २०१२ साली डॉ. सी. रंगराजन यांच्या अध्यक्षतेखालील समितीने साखर उद्योगाविषयी अहवाल दिला. त्यात एक शिफारस अशी होती, की साखर आणि तिच्याबरोबर निघणारे बगॅस, मळी, प्रेसमड या सर्वांच्या किमतीतला ७० टक्के वाटा शेतकऱ्याला मिळावा. नुसती साखर धरली तर ७५ टक्के. महाराष्ट्राने २०१३ साली ऊसदराचा कायदा केला, तो याच विचारावर. म्हणजे आबांचा प्रश्न, त्यांचे नाव न घेता, कायद्यापर्यंत पोचला. मात्र तंटा मिटलेला नाही. बगॅसची किंमत धरायची, की त्यातून झालेल्या विजेची? चिपाड म्हणून त्याची किंमत थोडी, वीज म्हणून मोठी. मधला फरक यंत्राचा, कर्जाच्या व्याजाचा आणि जोखमीचा आहे, असे कारखाने म्हणतात. विजेचे आणि इथेनॉलचे उत्पन्नही हिशेबात धरा, असे शेतकरी संघटना म्हणतात. २०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्राने १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलमागे ३५५ रुपये हा रास्त व किफायतशीर दर ठरवला. या दराचे माप अजून साखरेचा उताराच आहे.

हा प्रश्न यापुढे अधिकच तीव्र होणार आहे, कारण चिपाडातून वीज काढण्याची आजची रीत ही काही शेवटची नव्हे. थोडे गणित करू. ३०० किलो ओल्या बगॅसमध्ये सुमारे पावणेसात लाख किलोकॅलरी उष्णता असते. ८६० किलोकॅलरी म्हणजे एक युनिट. म्हणजे टनभर उसाच्या चिपाडात पावणेआठशे युनिटांइतकी ऊर्जा झाली. त्यातून वीज मिळते १०० ते १२० युनिट. साधारण तिसरा हिस्सा रस आटवण्यात सत्कारणी लागतो. उरलेली बगॅसमधले पाणी उकळण्यात, चिमणीतून आणि थंड करण्याच्या पाण्यातून निघून जाते. जळण जाळायचे, पाणी उकळायचे, वाफेने चाक फिरवायचे, चाकाने वीज करायची. दर पायरीवर थोडे थोडे सांडते.

यातल्या पायऱ्या कमी करता येतील का? पहिला प्रयत्न म्हणजे जाळण्याऐवजी वायू करणे. बंद भट्टीत, हवा बेताची देऊन, आठशे-हजार अंशांवर काडीकचरा तापवला की तो पुरता जळत नाही. त्याचा ज्वलनशील वायू होतो. दुसऱ्या महायुद्धात पेट्रोलची टंचाई असताना मागे कोळशाची भट्टी लावलेल्या मोटारी याच वायूवर धावत. ज्येष्ठांनी त्यांच्या आठवणी आपल्याला सांगितल्या असतील. बारामतीहून नीरा ओलांडली की फलटण. तिथे बनबिहारी निंबकर यांनी १९६८ साली निंबकर कृषी संशोधन संस्था स्थापन केली. अमेरिकेतली नोकरी सोडून १९८१ साली तिथे आलेले डॉ. अनिल राजवंशी आणि त्यांचे सहकारी यांनी नव्वदच्या दशकात उसाचे पाचट आणि बगॅस यांवर चालणारी वायुभट्टी तयार केली. पाचट हे जळणात फार द्वाड. हलके, फुगीर, भट्टीत नीट उतरत नाही. त्यावर त्यांनी तोड काढली. एका तालुक्याने आपल्या शेतातल्या काडीकचऱ्यावर आपली वीज आपण का करू नये, हा विचारही राजवंशींनी फलटण तालुका समोर ठेवून मांडला. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. बारामती-इंदापूरच्या शेजारी, एका नदीच्या पलीकडे हे काम झाले आहे, हे आपल्या लोकांना माहीत असावे.

दुसरी पायरी आणखी पुढची. वायू झाला, तर तो इंजिनात जाळण्याऐवजी त्याची सरळ वीजच करायची. या यंत्राला फ्युएल सेल, म्हणजे इंधनघट म्हणतात. आपल्या बॅटरीचाच हा भाऊ. फरक इतकाच, की बॅटरी संपते आणि हा घट इंधन मिळेल तोवर चालतो. एका बाजूने हायड्रोजन, दुसऱ्या बाजूने हवेतला प्राणवायू. दोघांचा संयोग होऊन पाणी तयार होते आणि त्या व्यवहारात वीज निघते. ज्योत नाही, चाक नाही, धूरही नाही. १८३९ साली विल्यम ग्रोव्ह या वेल्सच्या गृहस्थाने हे प्रथम करून दाखवले. पुढे तो न्यायाधीश झाला. शंभराहून अधिक वर्षे ही गोष्ट प्रयोगशाळेत पडून होती. मग चंद्रावर जाणाऱ्या अपोलो यानांत हेच घट बसवले गेले आणि अंतराळवीर वीज वापरून झाल्यावर त्यातून निघालेले पाणी प्यायले!

ही कथा आता फार दूरची राहिलेली नाही. पुण्यातच केपीआयटी ही कंपनी आणि केंद्र सरकारच्या सीएसआयआरच्या प्रयोगशाळा यांनी मिळून तयार केलेली हायड्रोजनच्या इंधनघटावरची बस २१ ऑगस्ट २०२२ रोजी लोकांसमोर आली. त्याच सुमारास शेतातल्या काडापासून आधी वायू आणि त्यापासून हायड्रोजन करण्याची एक रीत पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने पुढे आणली. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील प्रा. एस. दासप्पा यांच्या गटाने भट्टीत प्राणवायू आणि वाफ सोडून एक किलो काडीकचऱ्यापासून १०० ग्रॅम हायड्रोजन काढून दाखवला. यातला काही भाग काडीचा आणि काही वाफेतल्या पाण्याचा.

आता बँकेतल्या जुन्या सवयीने हा आकडा आपल्या उसाला लावून पाहू. ३०० किलो ओला बगॅस म्हणजे १५० किलो कोरडा. त्याचा झाला १५ किलो हायड्रोजन. एका किलो हायड्रोजनमध्ये ३३ युनिटांची ऊर्जा. इंधनघटाने त्यातली निम्मी जरी वीज केली, तरी टनभर उसामागे अडीचशे युनिटांच्या आसपास जाते. म्हणजे आजच्या दुप्पट. अर्थात हे कागदावर. बगॅस वाळवणे, प्राणवायू वेगळा करणे, वायू धुणे यांचा खर्च त्यातून वजा करायचा आहे.

आणि खरी मेख त्या धुण्यातच आहे. इंधनघट हा सोवळ्यातला प्राणी आहे. काडीकचऱ्याच्या वायूत डांबर असते, गंधक असते, उसात पोटॅश असते. यातले चिमूटभर जरी आत गेले तरी घट आजारी पडतो. जो घट सातशे-आठशे अंशांवर चालतो तो थोडे सोसतो, पण तोही मर्यादेतच. शिवाय साखर कारखाना वर्षातून चार-पाच महिने चालतो. एवढे महाग यंत्र उरलेले सात महिने बसून राहिले, तर व्याज कुणी भरायचे? कर्जाच्या प्रस्तावावर मी हाच प्रश्न सर्वांत आधी लिहिला असता.

मोठ्या तापमानाने सगळाच कचरा सोन्याचा होतो, असाही भ्रम नको. आपल्याच पुणे जिल्ह्यात रांजणगावला घातक औद्योगिक कचऱ्यासाठी प्लाझ्माची भट्टी उभी राहिली. विजेच्या झोताने काही हजार अंश तापमान करायचे, कचऱ्याचा वायू करायचा आणि उरलेल्या राखेची काच. घातक कचऱ्याला हे योग्यच, कारण तिथे पहिला हेतू विष मोडण्याचा आहे. पण ती भट्टी आधी वीज खाते आणि मग देते. घरातल्या ओल्या कचऱ्याला, भाजीच्या देठांना तिची गरज नाही. त्यांना खड्डा आणि गांडूळ पुरे.

शेतातल्या सगळ्या पाचटालाही भट्टीची वाट दाखवणे बरोबर नाही. आपल्याकडे पाचट पेटवून देण्याची खोड आहे. ते न पेटवता सरीत कुजवले तर जमीन सुधारते, पाणी वाचते, हे कृषितज्ज्ञ वर्षानुवर्षे सांगत आहेत. सगळेच पाचट वीज म्हणून विकले, तर जमिनीने खायचे काय? बगॅसचे तसे नाही. तो कारखान्यात आलेलाच असतो. आसवनीतून निघणारा स्पेंटवॉशही तसाच. लिटरभर अल्कोहोलमागे हे काळे पाणी आठ-दहा लिटर निघते. ते नदीत गेले तर काय होते, ते साखरपट्ट्यातल्या नदीकाठच्या लोकांना विचारा. आता ते आटवून खास बॉयलरमध्ये जाळतात; वाफ मिळते आणि राखेत पोटॅश उरतो, तो खत म्हणून शेतात परततो. ज्या जमिनीतून घेतले, तिला थोडे तरी परत, हा व्यवहार मला पटतो.

आता राहिला भाव. सूर्याच्या विजेने बाजारात स्वस्ताई आणली. जुने करार संपले तसे बगॅसच्या विजेचे दर खाली आले, आणि २०२४ साली राज्य सरकारला युनिटमागे दीड रुपयाचे अनुदान जाहीर करावे लागले. पण सूर्य संध्याकाळी मावळतो, आणि चिपाड ढीग करून ठेवता येते. रात्री, थंडीत, जेव्हा लागेल तेव्हा पेटवता येते. या सोयीला काही किंमत आहे की नाही? ती कोणी ठरवली, तर आजचे बॉयलरही टिकतील आणि उद्याच्या इंधनघटाला कर्ज द्यायला बँकाही पुढे येतील. २००२ साली भाव ठरला आणि यंत्रे आली. हा धडा ताजा आहे.

मात्र त्याआधी आबांच्या प्रश्नाचे उत्तर लिहून ठेवायला हवे. आज टनाला शंभर युनिट निघतात, तेव्हा वाटणीचा वाद एवढा. उद्या दोनशे निघाली, तर केवढा होईल! यंत्र नवे येते तेव्हा नफ्याचा नवा रकाना उघडतो आणि तो कुणाच्या नावावर, हे सुरुवातीलाच ठरले नाही, तर पुढे कोर्टकचेऱ्या ठरवतात. सहकारी कारखान्याचा सभासद हा मालक आहे, असे आपण पन्नास-साठ वर्षे म्हणत आलो. मालकाने हिशेब पाहायचा असतो.

म्हणून बारामती-इंदापूरच्या वाचकांना एक सुचवावेसे वाटते. वार्षिक सभेच्या आधी कारखान्याचा अहवाल घरी येतो. बहुतेक घरांत तो कपाटावर पडून राहतो, नाहीतर मुले त्याच्या कोऱ्या पानावर गणिते करतात. यंदा तो उघडा. गाळप आणि उतारा यांच्या आकड्यांजवळ ‘बगॅस बचत’ अशी एक ओळ असते. विजेची विक्री किती युनिट झाली आणि किती रुपयांना, हेही पुढे कुठेतरी असते. घरातल्या कॉलेजात जाणाऱ्या मुलीला किंवा नातवाला जवळ बसवा आणि आपण किती टन ऊस घातला, त्याचे चिपाड किती झाले, त्याची वीज किती झाली, हे गणित मांडायला सांगा. भागाकार साधाच आहे. उत्तर आले, की सभेत उभे राहून विचारायला प्रश्न आपोआप मिळेल.